तळ्याकाठची वस्ती, धरणाखालचं घर: अंबाझरीचं प्रकरण

मुंबईकराला समुद्राकाठी घर असावंसं वाटतं, तसं नागपूरकराला पश्चिमेकडच्या तळ्याकाठी असावंसं वाटतं. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर, पण फुटाळा तलावाच्या काठाला आपण हक्काने चौपाटी म्हणतो, आणि संध्याकाळी तिथे कठड्यावर बसायला जागा मिळत नाही. अंबाझरीच्या पाळीवर सकाळी फिरणाऱ्यांची रांग असते. फ्लॅट स्कीमच्या जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ हे दोन शब्द आले की दर वाढतो. धरमपेठ, शिवाजीनगर, हिंदुस्थान कॉलनी, अंबाझरी लेआउट ही नावं लग्नाच्या बायोडेटात पत्त्याच्या ओळीत आली की समोरचा जरा सावरून बसतो.

हे टिपण अंबाझरी तलावाच्या पाळीखालच्या पट्ट्याबद्दल आहे: अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट आणि तिथून नाग नदीच्या दोन्ही काठांनी पुढे गेलेली घरं. ही वस्ती कशी वाढली, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तिथे जो पूर आला तो का आला, हे एकत्र वाचल्याशिवाय दोन्ही नीट समजत नाहीत. इथल्या बहुतेकांनी, मी धरून, या भागाकडे आयुष्यभर तळ्याकाठचा परिसर म्हणून पाहिलं. प्रत्यक्षात तो धरणाखालचा परिसर आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की पुढचं सगळं या एका गोष्टीच्या विसरातून घडलं.

तलाव कशासाठी बांधला

नागपूर हे तलावांवर जगलेलं शहर. गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमाराला ते वसवलं, त्याच्यानंतर चांद सुलतानाच्या काळात जुम्मा तलाव झाला, ज्याला आपण आता गांधीसागर म्हणतो. भोसल्यांच्या काळात तेलंगखेडी म्हणजे फुटाळा, सक्करदरा, सोनेगाव अशी भर पडली. तलाव भरले की खालच्या विहिरींना पाझर सुटायचा आणि उन्हाळा निघायचा.

१८५३ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, १८६४ मध्ये नगरपालिका आली, १८६७ मध्ये रेल्वे. माणसं वाढली, कचेऱ्या वाढल्या, आणि महाल-इतवारीच्या विहिरी पुरेनात. मग १८७० मध्ये शहराच्या पश्चिमेला अंबाझरीचं काम झालं. लाव्ह्याच्या टेकड्यांतून येणारं नाग नदीचं पाणी मातीची पाळ घालून अडवायचं आणि उताराने शहराकडे न्यायचं, असा तो सरळ हिशोब होता. पश्चिम उंच, पूर्व सखल. पंप नको, काही नको. जमिनीचा उतारच पाणी पोचवणार.

हा उतार लक्षात ठेवायला हवा. ज्या उताराने पिण्याचं पाणी शहरात आलं, त्याच उताराने दीडशे वर्षांनी पूर आला.

त्या काळी शहर पार पूर्वेला होतं. पाळीच्या पायथ्याशी राहणारं फारसं कुणी नव्हतं. सांडव्यावरून, म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी जायच्या वाटेवरून, पाणी गेलं तर ते नदीच्या पात्रात पसरायचं, काठच्या जमिनी एक-दोन दिवस पाण्याखाली राहायच्या आणि ओसरायचं. धरण बांधणाऱ्यांनी जे गृहीत धरलं होतं, ते त्या वेळी बरोबरच होतं.

पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोरेवाड्याचं पाणी आलं, मग कन्हानचं, नंतर पेंचचं. अंबाझरी पिण्याच्या पाण्यातून बाद झाली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि त्याची नोंद कुणी फारशी घेत नाही. पिण्याच्या पाण्याचं धरण असतं तेव्हा त्याच्यावर रोज कुणाचा तरी डोळा असतो. पातळी वहीत लिहिली जाते. पाळीवर उगवलेली झुडपं काढतात, कारण मुळं मातीत वाट करतात. घुशींची बिळं बुजवतात. सांडव्यासमोर कुणी माती टाकली तर दुसऱ्या दिवशी बोलणी खातो. पिण्याचं पाणी पुरवायचं धरणाचं काम संपलं की हे डोळे हळूहळू हटतात. पाळ, सांडवा, मागचं पाणी सगळं तिथेच असतं, पावसाळाही दरवर्षी येतो, पण त्या जागेला लोक आता ‘फिरायला जायची जागा’ म्हणून ओळखतात.

१९५८ मध्ये पाळीला लागून अंबाझरी उद्यान झालं. नागपूरच्या दोन-तीन पिढ्यांची शाळेची सहल तिथे गेली आहे. झोपाळे, बोटिंग, डबा खायला सावली. आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात वर्तमानपत्रात फोटो: ‘अंबाझरी ओव्हरफ्लो’. मग रविवारी लोक गाड्या काढून ओव्हरफ्लो पॉइंटला भुट्टे खायला. पांढरं फेसाळ पाणी, पाठमोरे फोटो, लहान मुलं खांद्यावर. धरण पूर्ण भरलं, आता वरून येणारा थेंब न् थेंब खाली जाणार, हा खरं तर खालच्या वस्तीसाठी सावध होण्याचा निरोप. आपण तो सण म्हणून साजरा केला.

प्लॉट, बंगला, फ्लॅट स्कीम

नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा. नासुप्र, किंवा आपल्या तोंडी एनआयटी, हिने शहराच्या बाहेर सरळ रस्ते आखून प्लॉट पाडले आणि नागपूर पश्चिमेला सरकायला लागलं. धरमपेठ, गोकुळपेठ, रामदासपेठ आधी भरली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजधानीपण गेलं. शहराला तो मोठा धक्का होता, वडीलधारी माणसं त्याबद्दल अजून हळहळून बोलतात. पण १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, उपराजधानी आणि हिवाळी अधिवेशन आलं, आणि त्याच वर्षी अंबाझरीच्या जवळ विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग उभं राहिलं, म्हणजे आजचं व्हीएनआयटी. तलावाच्या वरच्या अंगाला १९६६ मध्ये आयुध निर्माणी आली, हिंगण्याला एमआयडीसी आली, अमरावती रोडवर विद्यापीठाचा पसारा वाढला.

म्हणजे प्राध्यापक, इंजिनिअर, सरकारी अधिकारी, बँकेतले लोक असा पगारदार वर्ग अगदी याच बाजूला तयार झाला. त्यांना कॉलेज जवळ, बाग जवळ, हवा गार असं ठिकाण हवं होतं. पाळीखालची जमीन सपाट होती, माती चांगली होती, पाणी वीस-पंचवीस फुटांवर. नदीकाठची गाळाची जमीन तशीच असते, पण प्लॉट घेताना तिचा तो गुण कुणी कशाला तपासेल? नकाशा मंजूर होता, रस्ते आखलेले होते, रजिस्ट्री साफ होती.

हे मी मुद्दाम सांगते आहे. नागपुरात पूर, चिखल, गटार म्हटलं की लोक लगेच अनधिकृत लेआउटकडे बोट दाखवतात. अशा लेआउटच्या ५७२ आणि १९०० च्या याद्यांची रडगाणी आपल्याला पाठ आहेत: आरएल लेटर म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र नाही, रस्ता नाही, म्हणून पाणी साचतं. अंबाझरीच्या खाली तसं नव्हतं. तिथल्या बहुसंख्य घरांची कागदपत्रं नीट होती. नियमाने वसलेली, शिकलेली, कर भरणारी वस्ती पाण्यात गेली, म्हणून तर हे प्रकरण अभ्यासायला हवं. मंजुरी देणाऱ्या टेबलावर प्लॉटचं माप होतं, रस्त्याची रुंदी होती, घराभोवती सोडायचं अंतर होतं. वर धरण आहे आणि त्याचा सांडवा या दिशेने उघडतो, ही गोष्ट त्या फायलीत कुठल्या रकान्यात बसणार होती?

समुद्रकाठी निदान एक रेषा असते. १९९१ पासून किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम आहेत. भरतीच्या रेषेपासून किती मीटरपर्यंत काय बांधायचं यावर भांडणं होतात, पळवाटा काढतात, पण भांडायला रेषा तरी आहे. नदीसाठीही रेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. आपल्या लेआउटमध्ये राहणाऱ्या किती जणांना आपलं घर त्यातल्या कुठल्या रेषेत येतं हे माहीत आहे? आणि समुद्र रोज दोन वेळा आपली हद्द दाखवून जातो. धरण वर्षानुवर्षं काहीच दाखवत नाही.

आरंभीचे बंगले बुटके होते. पुढे पोर्च, बाजूला आंबा नाहीतर पारिजातक, मागे नहाणी आणि मोरी, आणि त्यामागे कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे नदी. घरांची तोंडं रस्त्याकडे, बागेकडे, पाठी नदीकडे. लाव्ह्याहून निघालेली नाग इथे सांडपाण्याने भरलेली, वास येणारी, म्हणून भिंत जरा उंच घेतली जायची आणि खिडकी बंद ठेवली जायची. नको असलेल्या वस्तूवर आपण झाकण घालतो. डागा लेआउटजवळ नदीवर स्लॅब टाकून वर स्केटिंग रिंक झाली. मुलं चाकाचे बूट घालून नदीच्या डोक्यावरून फिरत होती. पुढे कुठे पात्राला भिंती घालून ते अरुंद केलं, कुठे कमी उंचीचा पूल झाला. प्रत्येक काम वेगळ्या वर्षी, वेगळ्या निधीतून, वेगळ्या कारणाने. त्यातलं एकही एकेकटं पाहिलं तर फार वाईट वाटत नाही.

२००० नंतर बंगले पडू लागले. मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेलेली, म्हातारा-म्हातारी एवढं मोठं घर झाडून थकलेले. बिल्डर यायचा, दोन फ्लॅट आणि वर काही रक्कम द्यायचा. तीन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर एका कुटुंबाच्या जागी आठ कुटुंबं आली. अंगण गेलं आणि पेव्हिंग ब्लॉक आले. खाली पार्किंग, तिथेच मीटरच्या पेट्या, लिफ्टचा खड्डा आणि जमिनीखालची पाण्याची टाकी. मग सिमेंटचे रस्ते झाले, जुन्या डांबरावर चढलेले. जुन्या बंगल्यांच्या फाटकातून आत जाताना आता पाऊल खाली टाकावं लागतं. २०२० च्या जानेवारीत मेट्रोची अॅक्वा लाइन लोकमान्य नगरपर्यंत सुरू झाली. ती तलावाच्या पाळीला अगदी खेटून जाते, गाडीतून तलाव फार सुंदर दिसतो. भाव पुन्हा वाढले.

तलावाच्या दर्शनी बाजूलाही हालचाल चालूच होती. उद्यानाची जागा पर्यटनासाठी खासगी कंपनीकडे गेली आणि २०२१ च्या जूनमध्ये, कोरोनाच्या दिवसांत, आवारातलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडलं गेलं. त्याविरुद्ध मोठं आंदोलन उभं राहिलं. ते भवन अनेकांच्या आठवणींची जागा होती. तो विषय स्वतंत्र लिहिण्याचा आहे. इथे एवढंच की तळ्याकाठच्या जमिनीकडे केवळ करमणुकीची जागा म्हणून पाहायचं ठरलं की तिचे बाकी सगळे अर्थ बाजूला पडतात. लोकांचे पडतात, तसे पाण्याचेही.

वरच्या अंगाला काय झालं ते थोडक्यात. वाडी हे शेजारचं गाव वाढलं, हिंगणा एमआयडीसी वाढली. त्यांचं सांडपाणी तलावात येत राहिलं, गाळ साचत गेला, जलपर्णी माजली. पूर्वी जिथे पावसाचं पाणी मुरत मुरत यायचं, तिथे आता छपरं आणि डांबर.

ती पहाट

२२ सप्टेंबर २०२३ हा शुक्रवार. गणपती बसून तीन दिवस झालेले आणि घरोघरी महालक्ष्म्यांचं पूजन. विदर्भात या दिवसाचं काय असतं ते सांगायला नको. पुरण, सोळा भाज्या, आंबील, वर टांगलेला फुलोरा, बाहेरगावाहून आलेली मुलं-सुना, रात्री उशिरापर्यंत हळदीकुंकू. सगळे दमून झोपले. मध्यरात्रीनंतर पावसाने जोर धरला. विजा अशा कडाडत होत्या की नागपूरकर ती रात्र आवाजाने ओळखतात. पहाटे साडेपाचपर्यंत विमानतळावरच्या केंद्रात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, आणि त्यातला बराचसा काही तासांत कोसळलेला.

अंबाझरी लेआउटमध्ये माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत. चाळीस वर्षं त्याच बंगल्यात. पाणी ओसरल्यावर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या मोरीपाशी उभ्या राहून हाताने दाखवत होत्या.

“समोरून आलंच नाही गं पाणी. आधी इथून आलं, या जाळीतून. मला वाटलं, चोकअप झालं असंल. म्हणून मी खराटा घेऊन बसले. अन् पाणी येऊनच राहिलं होतं, येऊनच राहिलं होतं.”

“मग काका?”

“ते म्हणे, मेन स्विच पाडतो आधी. तेवढ्यात मागचं दार आपोआप उघडलं बघ.”

मोरीच्या जाळीतून पाणी उलटं वर येणं ही त्या पहाटेची पहिली खूण होती, आणि ती अनेक घरांत दिसली. नदी भरून वाहू लागली की तिच्यात सुटणाऱ्या गटारवाहिन्यांची तोंडं बुडतात. मग घरातलं पाणी बाहेर जायचं थांबतं आणि बाहेरचं त्याच पाइपने आत येतं. म्हणजे भिंतीपलीकडची नदी भिंत ओलांडायच्या आधीच जमिनीखालून घरात पोचलेली असते. हे कळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात भिंत कोसळते किंवा मागचं दार ढकललं जातं, आणि तळमजल्यावर कमरेइतकं, काही ठिकाणी छातीइतकं पाणी होतं.

काकूंनी महालक्ष्म्यांचे मुखवटे उचलून जिन्यावर नेले. कोठ्या, साड्या, फराळ, फुलोरा सगळं पाण्यात. कपाटातली नातवंडांची अल्बमं, काकांची पुस्तकं, गादीखालची बँकेची कागदं. मी गेले तेव्हा भिंतीवर एक सरळ तपकिरी रेघ होती, टेपने मापून मारल्यासारखी, स्विचबोर्डाच्या वर वीतभर. खाली घोट्याएवढा काळा गाळ. तो पाणी मारून जात नाही. फावड्याने उचलावा लागतो, आणि त्याला नुसत्या मातीचा वास नसतो.

एनडीआरएफ, एसडीआरएफ आले, सैन्याच्या तुकड्या आल्या, लेआउटच्या रस्त्यांवर बोटी फिरल्या. मूकबधिर मुलांच्या शाळेतून मुलांना बाहेर काढावं लागलं. पाण्याचा आवाज ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती रात्र कशी असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. पाणी तिथून पुढे गेलं. सीताबर्डी, मोरभवनचं बसस्थानक आणि तिथल्या उभ्या बसेस, नदीकाठच्या झोपड्या. पंचशील चौकातला पूल खचला आणि त्या रस्त्याची वाहतूक नंतर खूप महिने विस्कळीत राहिली. पहिल्याच दिवसांत चार मृत्यू नोंदले गेले. दहा हजारांवर घरांत पाणी आणि चिखल शिरल्याचं सरकारने सांगितलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि पालकमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी घरांना दहा हजार, दुकानांना पन्नास हजारांपर्यंत आणि टपऱ्यांना दहा हजारांपर्यंत मदत जाहीर केली. दहा हजारांत एका घराचा गाळ काढून होतो, फ्रीज येत नाही.

पाणी नेमकं का चढलं

“ढगफुटीसारखा पाऊस झाला, कोण काय करणार?” हे वाक्य पुढचे कित्येक दिवस कानावर पडत होतं. पाऊस मोठा होता, यात शंका नाही. पण पाऊस अख्ख्या नागपूरवर पडला. पश्चिम नागपुरातल्या उंचावरच्या वस्त्यांत त्या रात्री रस्त्यावर पाणी वाहिलं आणि सकाळी आटलं. अंबाझरीच्या खाली ते चढलं. फरक धरणाचा आणि त्याच्या खालच्या वाटेचा आहे.

साधं गणित करू. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा कोटी लिटर पाणी होतं. अंबाझरीत येणारं पाणी अनेक चौरस किलोमीटरांवरून येतं. जमीन मोकळी असती तर त्यातलं बरंच मुरलं असतं, उरलेलं रेंगाळत आलं असतं. डांबर आणि छपरांवरून ते एकदम येतं.

आता तलावाकडे या. सप्टेंबरचा शेवट, म्हणजे पावसाळा संपत आलेला. तलाव काठोकाठ. अंबाझरीच्या सांडव्याला त्या वेळी दरवाजे नव्हते. म्हणजे पाणी आधीच थोडं सोडून जागा करून ठेवायची सोयच नव्हती. भिंतीच्या माथ्यावर पातळी गेली की जेवढं येईल तेवढं आपोआप खाली. जूनमध्ये हाच पाऊस झाला असता तर तलावाने तो बराचसा पोटात घेतला असता. भरलेला तलाव काही घेत नाही, नुसता पुढे देतो. ज्या दिवसांत आपण ओव्हरफ्लो पाहायला जातो, नेमक्या त्याच दिवसांत धरणाची पूर अडवण्याची ताकद जवळजवळ शून्य असते.

सांडव्यावरून उतरलेल्या पाण्याला समोर रुंद वाट हवी. तिथे रस्त्याचा पूल होता, त्याची रुंदी अपुरी. पुढे पात्राला आवळत आणलेलं. पुढे स्लॅब. स्लॅबखाली वाहून आलेली झाडं, प्लास्टिक, जलपर्णीचे गठ्ठे अडकतात आणि ती जागा अर्ध्या तासात बुचासारखी होते. मागे पाणी चढतं, काठ सोडतं, आणि सगळ्यात सोपी वाट धरतं: लेआउटचे सरळ, सिमेंटचे, उताराचे रस्ते. पूर्वी नदीचा पसारा जिथे जायचा तिथेच ते गेलं. तिथे आता घरं होती, एवढंच.

मला विचाराल तर दोष एकट्या पुलाचा, एकट्या स्लॅबचा किंवा सांडव्यापुढच्या एकट्या विवेकानंद स्मारकाचा म्हणणं सोपं आहे आणि अपुरं आहे. वरून खालपर्यंत ही एक नदी आहे आणि तिच्यावर एक धरण आहे, असं धरून काम करणारं एकही टेबल शहरात नव्हतं. तलाव महापालिकेचा, लेआउट आणि मोकळ्या जागा नासुप्रच्या, मेट्रो वेगळी, धरणांचं शास्त्र जाणणारा जलसंपदा विभाग वेगळा, वाडीची नगर परिषद वेगळी. नदी सगळ्यांच्या हद्दीतून जाते म्हणून कुणाचीच नाही.

नंतर

रहिवासी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. जनहित याचिकेत धरणाची सुरक्षितता, पात्रातली बांधकामं आणि सांडव्यापुढचं स्वामी विवेकानंद स्मारक हे मुद्दे आले. धरणाच्या खालच्या अंगाला २०० मीटरपर्यंत बांधकाम नको, या २०१८ च्या शासकीय परिपत्रकाचा आधार घेतला गेला. स्मारकावर भावना तीव्र आहेत आणि स्वाभाविक आहेत. तरी ते पाण्याच्या वाटेत येतं की नाही याचं उत्तर मापाने आणि जलशास्त्राने द्यावं, श्रद्धेने किंवा रागाने देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. सरकारने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ओव्हरफ्लोसमोरचा पूल पाडून रुंद पूल बांधायला घेतला, स्केटिंग रिंकचा स्लॅब काढला, पात्र रुंद करणं आणि संरक्षक भिंती बांधणं सुरू झालं, सांडव्यावर दरवाजे बसवायची योजना आली. न्यायालयाचा धाक नसता तर यातलं किती झालं असतं हे नागपूरकरांना ठाऊक आहे.

लेआउटमध्येही बदल दिसतो. नवीन स्कीममध्ये मीटरच्या पेट्या डोक्याच्या वर गेल्या आहेत. काही बंगल्यांनी मोरीच्या पाइपला उलटं पाणी न येऊ देणारी झडप बसवून घेतली. ती हजार-दोन हजारांची वस्तू आहे, प्रत्येक तळमजल्यावर असायला हवी. काहींनी बंगले विकायला काढले. काकूंनी नाही. त्यांनी महालक्ष्म्यांचं सामान माळ्यावर हलवलं आणि गाड्या सप्टेंबरभर चौकाच्या वरच्या बाजूला लावतात.

भिंती आणि पूल दिसतात, म्हणून ते होतात. जे दिसत नाही ते राहून जातं, आणि ते खर्चिकही नाही. सांडव्यापाशी पातळीची ठळक पट्टी हवी, तिचा आकडा पावसाळ्यात दर तासाला खालच्या वस्तीच्या फोनवर यायला हवा. दरवाजे बसले तर ते कुणी, कुठल्या पातळीला, कुणाला विचारून उघडायचे याचं लेखी वेळापत्रक लेआउटच्या प्रत्येक फलकावर लागायला हवं. दरवाजे असलेलं धरण भलत्या वेळी उघडलं तर बिनदरवाजाच्या धरणापेक्षा घातक ठरतं. भोंगा हवा, आणि मूकबधिर शाळेसाठी त्याच्या जोडीला लाल दिवा. निळी आणि लाल पूररेषा विजेच्या खांबांवर रंगवून दाखवायला हवी, म्हणजे फ्लॅट पाहायला आलेल्या माणसाला ती दलालाला विचारावी लागणार नाही. जोत्याची उंची त्या रेषेवरून ठरायला हवी, शेजारच्या रस्त्यावरून नाही, कारण रस्ता दर दहा वर्षांनी वर चढतो. आणि वाडीपासून पंचशील चौकापर्यंतची नाग नदी एका अधिकाऱ्याच्या नावावर हवी, ज्याचा फोन पहाटे तीन वाजता उचलला जाईल.